पोळपाटावरची दोन बटणं

आता मी सीसीटीव्ही बसवतो. बारामती, इंदापूर, भिगवण आणि मधल्या सगळ्या वाड्यावस्त्या. किराणा दुकान, पोल्ट्री, मंगल कार्यालय, डाळिंबाची बाग, कुठेही बोलवा, शिडी घेऊन येतो. लोकांचा एकमेकांवर भरवसा नाही, यावर माझं घर चालतं. पण ‘धंद्यातले अनुभव लिहा’ असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मला कॅमेरे आठवले नाहीत. त्याच्या आधीचा धंदा आठवला. त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. मुलांना तर एवढंच माहीत आहे की बाबांचं पूर्वी स्टँडसमोर ‘कसलंतरी दुकान’ होतं. मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं माहीत आहे. त्या दिवशी पडद्यामागे तीच बसली होती.

नव्वदच्या दशकात बारामतीच्या एसटी स्टँडसमोरच्या बोळात माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, तीन टीव्ही, तीन मशीन, जमिनीवर सतरंजी. मागे आमची राहायची खोली, मध्ये पडदा. अर्ध्या तासाच्या हिशोबानं लोक येऊन खेळायचे. आता हे वाचून तुम्हाला वाटेल की शाळा बुडवणारी पोरं येत असतील. ती यायचीच, मी हाकलायचो. पण माझं खरं गिऱ्हाईक मोठं होतं. बाजाराला आलेले, कोर्टाच्या तारखेला आलेले, एसटी चुकलेले, उसाच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर. टक्कल पडलेला माणूस चवड्यावर बसून, जीभ बाहेर काढून पडद्यावरच्या बेडकाला उडी मारायला लावतो आणि बेडकाबरोबर स्वतःही सतरंजीवरून वीतभर उडतो, हे मी रोज बघायचो.

धंदा फार अवघड नव्हता. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. सगळ्यांना वाटायचं फुंकरीत जादू आहे. फुंकर मारण्यावरून भांडणं व्हायची, अमक्याची फुंकर लागते, तमक्याची लागत नाही. खरं म्हणजे कॅसेट काढून परत घातली की तिचे दात मशीनला नीट चिकटतात, एवढंच. दात काळे पडले की मी खोडरबरानं घासायचो. रिमोटची वायर मानेशी तुटायची, कारण गाडी वळवताना लोक रिमोटच वळवायचे. ती सोल्डर करणं हे माझं रोजचं काम.

आणि फसवणूक म्हणाल तर ती कॅसेटवरच छापलेली असायची. ‘नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम’. आत खरे गेम सहा-सात. तोच गेम, कधी आभाळ निळं, कधी काळं, कधी सुरुवात मधूनच, आणि नाव दरवेळी नवीन. माझ्या गिऱ्हाइकांनी ते एकेक करून मोजून काढलं होतं. त्यामुळे ‘नवीन’ या शब्दावरचा त्यांचा विश्वास माझ्या दुकानातच उडाला होता, हे आधी सांगितलेलं बरं.

अशा लोकांना मी एके दिवशी सांगितलं की नवीन मशीन येतंय.

पुण्याच्या ज्या व्यापाऱ्याकडून मी माल आणायचो, त्यानं एक रंगीत कागद दिला होता. राखाडी, चपटं मशीन. कॅसेट नाही, तबकडी. गाड्या खऱ्यासारख्या, माणसं खऱ्यासारखी. मी तो कागद भिंतीवर चिकटवला आणि खाली स्केचपेननं लिहिलं, ‘लवकरच आपल्या सेवेत’.

पहिले आले नामदेव तात्या. बारामती-इंदापूर गाडीवर कंडक्टर. दोन फेऱ्यांच्या मध्ये खाकी कपड्यातच खेळायला बसायचे, तिकिटांचा पेटारा मांडीखाली. त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला.

“दिल्या, आमच्या डेपोत बी दर वर्साला नवी गाडी येती. जवळ जाऊन बघावं तर जुन्यालाच रंग मारल्याला. मागच्या शिटाखाली मीच कोरल्यालं नाव घावतं.”

“तात्या, हे जपानचं आहे.”

“रंग बी जपानचाच आसंल.”

मग अंकुश. कारखान्यावर ऊस वाहणारा, ट्रॅक्टरला पुढे आरसे आणि मागे गोंडे लावणारा. तो म्हणाला, “तबकडीत गेम? तबकडीत गाणी असत्यात. उद्या म्हणशील भजनाच्या टेपमदी बैलगाडा पळतो.”

“अरे, छापलंय ना इथं.”

“छापल्यालं तर नऊ हजार बी व्हतं. हे बघ, मी ट्रॉली कारखान्यावर न्यायच्या आधी भायेरच्या काट्यावर घालतो. कारखान्याचा काटा खरा आसंल न्हायतर खोटा, मला माझं वजन आधी म्हाईत पायजे. तुझ्या मशीनचं वजन भायेरनं कुणी केलंय?”

कुणी म्हणालं, आपल्या जुन्या कॅसेटी चालणार नाहीत, म्हणजे हा सगळा त्यासाठीच डाव आहे. कुणी म्हणालं, आपल्याकडच्या लाइटला असलं मशीन टिकतच नाही. एकानं तर कागद भिंतीवरून सोडवून उन्हात धरून बघितला, पाठीमागून काही दिसतंय का म्हणून. जितकं मी सांगावं तितका संशय वाढायचा. महिना गेला, दोन गेले. मशीन आलं नाही. बोळातून जाणारा माणूस आत डोकावून विचारायचा, “आलं का वो जपान?” आणि उत्तर न ऐकताच पुढे जायचा.

एकट्या बिरूनं वेगळा प्रश्न विचारला होता.

बिरू कन्हेरीचा. त्याच्या आज्याची दोनशे मेंढरं होती म्हणे; वडलांच्या वेळेला वीस राहिली आणि बाकी शेती. बिरू बाविशीत असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात पेंढी सारताना उजवा हात गेला. हात म्हणजे अंगठा आणि पहिली दोन बोटं. उरली दोन बोटं आणि तळवा. त्यानंतर तो उजवा हात विजारीच्या खिशात घालूनच फिरायचा. चहाचा कप डाव्या हातात, नमस्कार नुसता मानेनं. माझ्या दुकानात तो एका कोपऱ्यात उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघायचा. तासन्‌तास. कोण कुठे चुकणार हे त्याला आधीच कळायचं. “आता पडतंय,” असं तो हळूच म्हणायचा आणि पडायचंच.

मी एकदा म्हणालो, “बस की तू.”

त्यानं खिशाकडे बघितलं.

मला त्या काळात हातात काही आलं की उघडून बघायची खोड होती. मंगलचा एक जुना पोळपाट होता, एका बाजूला चीर गेलेला. त्यावर डावीकडे रिमोट स्क्रूनं बसवला, आणि रिमोटची उजवीकडची दोन बटणं वायरीनं बाहेर काढून दारावरच्या घंटीच्या दोन मोठ्या बटणांना जोडली. म्हणजे डाव्या अंगठ्यानं दिशा धरायची आणि उजव्या तळव्याच्या कडेनं घंटीची बटणं दाबायची. पोळपाटाला तीन पाय असतातच, सतरंजीवर छान बसला.

पहिल्या दिवशी लोक हसले. “बिरू पोळ्या लाटतोय.” “माझ्या चार टाक रं, येताना तूप आणतो.” आठवडाभरात हसणं बंद झालं. बिरू हरायचा बंद झाला होता. तात्यांना त्यानं इतक्या वेळा हरवलं की तात्या म्हणायचे, “मला बी येक पोळपाट करून दे दिल्या, समदी करामत लाकडातच हाय.” आणि मुख्य म्हणजे बिरूचा हात खिशातून बाहेर आला. आधी दुकानापुरता. मग चहाच्या टपरीपर्यंत. एकदा तात्यांनी सांगितलं की बिरूनं एसटीत उजव्या हातानं दांडा धरला होता. मला त्या दिवशी कुणी काही बक्षीस दिलं असतं तरी एवढं बरं वाटलं नसतं.

तर नव्या मशीनचा कागद बघून बिरूनं एवढंच विचारलं, “दादा, ह्याला पोळपाट लागंल का?”

“लागेल. नाही लागला तर नवा करून देईन.”

“मग येऊ द्या.”

दोन महिन्यांनी मी चिडलो होतो. पुण्याला गेलो. व्यापारी भला माणूस होता. म्हणाला, “माल अडकलाय, कधी येईल सांगता येत नाही. पण काचेत ठेवायला हे घेऊन जा.” त्यानं मशीनचा नुसता सांगाडा दिला, आत काही नसलेला, रिमोटसकट. आणि एक व्हिडिओ कॅसेट, गेमची जाहिरात असते तशी. गाड्यांची शर्यत, दहा-बारा मिनिटं. “ही लावून ठेवा, लोक बघतील.” त्यानं मला काहीही खोटं करायला सांगितलं नव्हतं. पुढचं डोकं माझं.

परतीच्या एसटीत तो खोका मांडीवर घेऊन मी विचार करत आलो. लोक नुसती टेप बघून काय म्हणतील ते मला माहीत होतं. सिनेमा दाखवतो म्हणतील. स्टँडवर उतरेपर्यंत माझं ठरलं होतं.

मागच्या खोलीत व्हीसीआर ठेवला. त्याची वायर भिंतीतून सांगाड्याच्या पाठीशी आणली आणि तिथून टीव्हीला. सांगाड्यात दोन पेन्सिल सेल घालून पुढे लाल दिवा लावला. रिमोटची वायर आत नुसती गाठ मारून ठेवली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुबक जोडणी असेल. मंगलला समजावलं, मी एकदा खोकलो की टेप चालू, दोनदा खोकलो की बंद करून मागे फिरवायची.

ती म्हणाली, “आणि कुणी विचारलं तर?”

“कोण विचारतंय? उद्या-परवा खरं मशीन येणारच आहे.”

ते ‘येणारच आहे’ मी तिला सांगत होतो की मला, कोण जाणे.

बाजाराच्या दिवशी दुपारी प्रयोग ठेवला. तात्यांनी इंदापूरपासून अख्ख्या गाडीला सांगितलं होतं, “गेमवाल्याची थाप बघायला चला.” त्यामुळे बोळ भरला. लोकांनी आधी तपासणी केली. कुणी टीव्हीच्या मागे हात घालून बघितला. अंकुशनं मशीन उचलून वजन केलं आणि म्हणाला, “हलकं हाय.” मी म्हणालो, “जपानचं हलकंच असतं.” तात्यांनी लाल दिव्यावर बोट ठेवलं. कुणीतरी म्हणालं, बटण दाबायच्या आधी मेन स्विच दाखवा. मला घाम फुटला होता. त्या सगळ्यांना एकेका वस्तूचा संशय होता आणि सगळे संशय बरोबर होते. फक्त त्यांची बोटं वेगळ्या ठिकाणी पडत होती.

मी अंकुशच्या हातात रिमोट दिला आणि खोकलो.

पडद्यावर गाडी सुटली. अंकुशनं डावं बटण दाबलं. गाडी तेव्हाच डावीकडे वळली, रस्ताच तसा होता. “आयला!” तो ओरडला. “दाबलं की वळतीया!” पुढच्या वळणावर गाडी वळली तेव्हा त्याचा अंगठा भलतीकडेच होता, पण त्यानं लगेच तिकडे नेला आणि स्वतःलाच शाबासकी दिली. मी थक्क झालो. ज्या माणसाला कारखान्याच्या काट्याचा भरवसा नव्हता, त्यानं आपल्याच अंगठ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. रिमोट हातात गेला की सगळ्यांचं तेच होत होतं. तात्या तर म्हणाले, “जरा जड चालती, पण हाताला बसंल.” मी दोनदा खोकायचो, मंगल टेप मागे फिरवायची, मी म्हणायचो “तबकडी फिरतेय, थांबा,” आणि पुढचा बसायचा. माझ्या अंगात वारं शिरलं होतं. दोन महिन्यांचं हसणं मी परत करत होतो. नव्या मशीनवर आधी बसायच्या यादीत नावं यायला लागली. पैसे घ्यायचे नाहीत एवढी अक्कल शाबूत होती. नुसती नावं लिहीत होतो.

पाचवा बिरू बसला. तो इतका वेळ कोपऱ्यात उभा होता. प्रत्येकाच्या वेळी तिसऱ्या वळणावर पुढची तीच लाल गाडी कठड्याला धडकत होती, हे फक्त त्यानं बघितलं असणार. त्यानं पोळपाटाबद्दल विचारलं नाही. रिमोट मांडीवर ठेवला, डावा अंगठा दिशेवर, उजवा तळवा बटणांवर. उजवा हात, एवढ्या लोकांपुढे, उघडा.

मी खोकलो. गाडी सुटली. पहिलं वळण. दुसऱ्या वळणाआधी त्यानं डावा अंगठा सावकाश उचलला. गाडी वळली. मग उजवा हातही उचलला. गाडी चाललीच होती. त्यानं रिमोटच्या वायरीकडे बघितलं, वायरीवरून नजर सांगाड्याकडे नेली, आणि मग माझ्याकडे बघितलं. लोकांकडे नाही, माझ्याकडे.

मला वाटलं, गेलं सगळं. आता हा बोलणार.

मी दोनदा खोकलो. पडदा काळा झाला. आणि त्यानं तोंड उघडायच्या आत मी मोठ्यानं म्हणालो, “बंद पाडलंस ना! अरे, हे पोळ्या लाटायचं काम नाही. ह्या मशीनला दोन्ही हात धड लागतात.”

बोळ हसला. एवढ्या मोकळेपणानं हसला, जणू सगळे त्यासाठीच जमले होते. बिरूनं रिमोट सतरंजीवर ठेवला. मोडेल अशा काळजीनं ठेवला. उठला. गर्दीतून वाट काढताना त्याचा उजवा हात खिशात गेला, ते मला दिसलं. ज्या खेळात हाताचा काही संबंधच नव्हता, त्यात मी त्याचा हात काढला होता.

लोक गेल्यावर मंगल पडदा सारून बाहेर आली. “नुसतं मशीन बंद पडलं म्हणाला असतात तर चाललं असतं. त्याचा हात कशाला काढलात?” मी वायरी गुंडाळत राहिलो. पुढे चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

बिरू परत दुकानात आला नाही. मशीनही आलं नाही. दोनेक महिन्यांनी मी यादीतल्या लोकांना सांगितलं की माल अडकला, नावं रद्द. तात्या म्हणाले, “मी म्हणलंच व्हतं.” अंकुशही तेच म्हणाला. कुणालाही राग आला नाही. आपला संशय खरा ठरला याचंच समाधान प्रत्येकाच्या तोंडावर होतं. टेपचं शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. अंकुश तर अजून भेटला की सांगतो, “ती जपानी गाडी काय चालवली व्हती राव मी!” मी मान हलवतो.

कन्हेरी बारामतीपासून कितीशी लांब? सायकलवर जाता आलं असतं. मी गेलो नाही. आज जाऊ, बाजार झाल्यावर जाऊ, असं म्हणत दुकान बंद केलं, टीव्ही दुरुस्ती केली, मोबाईलचं केलं, मग कॅमेऱ्यांकडे आलो. पोळपाट प्रत्येक घरबदलात आमच्याबरोबर आला. मंगल तो टाकू देत नाही आणि वापरूही शकत नाही, त्याला भोकं आहेत.

मागच्या वर्षी भिगवणहून फोन आला. हायवेच्या कडेला माशांचं हॉटेल, चार कॅमेरे बसवायचे. आवाज ओळखीचा वाटला नाही. गेलो तर गल्ल्यावर बिरू. केस पांढरे, अंगानं भरलेला. उजव्या हाताच्या दोन बोटांत मासा दाबून धरून डाव्या हातानं तो गिऱ्हाइकाला कल्ले उघडून दाखवत होता. “बघा, लाल हाय का न्हाय? आज सकाळचा हाय.” हात उघडा होता. त्यात माझा काहीच वाटा नव्हता.

त्यानं मला ओळखलं. पाणी दिलं, मासे खायला घातले, घरच्यांची चौकशी केली. त्या दिवसाचं काही काढलं नाही. मीही नाही. दुपारपर्यंत वायरी ओढल्या. शेवटचा कॅमेरा गल्ल्यावर बसवत मी शिडीवर होतो तेव्हा तो खाली येऊन उभा राहिला. वर बघत म्हणाला,

“दादा, ह्यो खरा हाय न्हवं? का नुसता डबा?”

मी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. उतरलो.

“तुला कळलं होतं.”

“हात उचलला तरी गाडी पळती म्हणल्यावर काय कळायचं ऱ्हातंय?”

“मग बोलला का नाहीस?”

“बोलणारच न्हवतो.” तो गल्ल्यावरचं फडकं घडी करत होता. “तुमी माझ्यासाठी पोळपाट केला व्हता. म्हणलं, एवढ्या लोकांत ह्या माणसाची लाज जायला नगं. गप उठून जायचं ठरवलं व्हतं मी. तेवढ्यात तुमीच बोलला.”

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. एका टेबलावरून कुणीतरी रस्सा मागितला, त्यानं आत सांगितलं.

“तीन-चार वर्सं हात खिशात गेला माझा,” तो म्हणाला. “हसल्याचं न्हाय कायी. हसणारं हसत्यातच. तुमी बोलला त्याचं.”

एवढ्या वर्षांत मी मनातल्या मनात पुष्कळ वाक्यं तयार केली होती. मी एवढंच म्हणालो, “चुकलो मी, बिरू.”

“व्हय. चुकला.”

त्यानं ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही. मीही तशी अपेक्षा धरली नाही.

“पोळपाट अजून आहे माझ्याकडं.”

“ठेवा तुमच्याकडंच. मला आता लागत न्हाय.” मग त्यानं गल्ल्याखाली बसवलेल्या टीव्हीच्या पडद्याकडे मान वळवली. “हां, दाखवा तुमचा माल.”

मी मशीन चालू केलं. पडद्यावर चार चौकटी आल्या. स्वयंपाकघर, दार, गाड्या लावायची जागा, गल्ला. गल्ल्याच्या चौकटीत आम्ही दोघं शेजारी उभे दिसत होतो. बिरूनं बराच वेळ त्या चौकटीकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे न बघता, पडद्यावरची नजर न काढता, उजवा हात वर केला. पडद्यावर दोन बोटांचा हात वर गेला. त्यानं हात डावीकडे नेला, पडद्यावरचाही गेला. उजवीकडे नेला. मग एकदम मध्येच थांबवला.

पडद्यावरचा हातही थांबला.

“व्हय,” तो म्हणाला. “चालतोय.” आणि हात तसाच वर ठेवून त्यानं आणखी एकदा खात्री करून घेतली.